डोहाला सांगायचं राहिलं

पावाची कणीक अर्धीच मळून झाली होती. लॉर्नाचे हात कोपरापर्यंत पिठात, तेवढ्यात धाकटी बहीण ऑलिव्ह दारातूनच ओरडली, "ताई, तुझी नात गेली बघ धबधब्याकडे! सकाळच्या बोटीनं. डोहात पोहणार म्हणे."

"कुणाला विचारून?"

"अॅडलेडची पोर ती. ती कशाला कुणाला विचारतेय!"

लॉर्नानं कणकेवर थाळी पालथी घातली आणि टॉवेल डोक्यावर टाकून निघाली. हात धुवायचेही राहिले.

शनेल एकोणीस वर्षांची. तान्ही असताना आईबरोबर शहरात गेली ती चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा आली, तीही आई गेल्यावर, एकटीच. नदीनं तिला पाहिलेलं नाही. आमच्याकडे नवं माणूस थेट पाण्यात उतरत नाही. घरच्या म्हाताऱ्या माणसानं काठावर उभं राहून जुन्यांना, पूर्वजांना, गाऱ्हाणं घालायचं, ही अमक्याची अमकी म्हणून सांगायचं, तिच्या डोक्यावर ओंजळभर पाणी घालायचं. मग खुशाल पोहा. डोहाच्या तळाशी जो जुना साप झोपलाय, त्याला अनोळखी घामाचा वास खपत नाही. लॉर्ना तीन दिवस उद्या-परवा करत राहिली. ही कुणाची, हे सांगायचं तर लेकीचं नाव ओठावर येणार, आणि लेकीला जाऊन वर्षही झालं नव्हतं. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही. हाक ऐकून ते मागे वळलं, तर त्याची वाट मोडते.

धक्क्यावर एकच बोट उभी होती, आणि ती चालवायला क्लिफ्टन. लॉर्नाच्या थोरल्या लेकीचा, म्हणजे शनेलच्या मावशीचा नवरा. सासूनं जावयाकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, त्यानंही नाही. बावीस वर्षं तो लॉर्ना दुकानात दिसली की मागच्या दारानं बाहेर पडत आला होता. आता मात्र दुसरा इलाज नव्हता. लॉर्ना बोटीच्या पुढच्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून बसली. शेजारी मेलबर्नची एक पाहुणी, गळ्यात कॅमेरा.

"त्याला सांग, जोरात हाक," लॉर्ना तिला म्हणाली.

"कुणाला?"

"चालवतोय त्याला."

"अहो, ते ऐकतायत की! दोन हातांवर तर आहेत."

"ऐकू दे. तू सांग."

मागून क्लिफ्टन आभाळाकडे बघत बोटीलाच म्हणाला, "याहून जोरात गेलीस तर पोट खरवडून निघेल गं तुझं, माझे आई. पाणी किती उरलंय ते दिसतंय ना?"

"बोटीला सांग," लॉर्ना म्हणाली, "बडबड कमी, काम जास्त."

पाहुणी कधी हिच्याकडे बघे, कधी त्याच्याकडे.

पावसाआधीचे दिवस. हवा मानगुटीवर बसलेली. महिनाभर ढग रोज येत होते आणि नुसते गुरगुरून जात होते. दोन्ही बाजूंचे लाल कडे तापलेले. कड्यावरच्या गेरूच्या आकृत्यांपाशी लॉर्नानं मान तुकवली, चर्चमधली प्रार्थना सुरू केली, ती अर्ध्यात सोडून जुन्या भाषेत काहीतरी पुटपुटली, पुन्हा प्रार्थनेवर आली. धड एकही पुरी होईना. पोर बुडाली तर? आजारी पडली तर? आणि ते आपण सांगितलं नाही म्हणून?

बोट काठाच्या अलीकडेच वाळूत रुतली. उतरायला हात हवा होता, आणि तो द्यायला जावयाखेरीज कुणी नव्हतं. क्लिफ्टननं तोंड फिरवून वल्हं पुढे केलं. ते धरून लॉर्ना उतरली आणि खडकांवरून धडपडत वर गेली.

धबधबा या दिवसांत बोटभर धार. खाली काळा डोह. शनेल गुडघाभर पाण्यात.

"थांब! पाऊल पुढं टाकू नकोस!"

"आजी? तू कशी आलीस? आणि तोंडाला पीठ काय लावून घेतलंयस!"

"आधी बाहेर ये."

"येते. आईला एकदा हाक मारते. तिला इथंच यायचं होतं गं. शेवटपर्यंत तेच म्हणत होती."

लॉर्ना पोचायच्या आत पोरीनं कड्याकडे तोंड करून आईला नावानं हाक मारली. ते नाव इथेही लिहायचं नाही. कड्यांनी ते तीनदा परत दिलं. लॉर्नानं पिठाचे हात कानांवर घट्ट दाबले, तरी तिन्ही वेळा ऐकू आलंच.

"वा, काय घुमतं इथे!" मागून आलेल्या पाहुणीनं आपलीही हाक मारायला तोंड उघडलं.

"बाई, तेवढं करू नका," क्लिफ्टन हळूच म्हणाला. तो पाठ करून उभा होता.

लॉर्ना चपलांसकट पाण्यात शिरली. "ऐकलंत ना?" ती जुन्या भाषेत डोहाला म्हणाली. "मग मी वेगळं काय सांगू? तिचीच ही. चूक हिची नाही, शिकवलं नाही ती माझी. हिला काही करू नका." तिनं नातीच्या डोक्यावर ओंजळ रिती केली. कपाळावरून पिठाचा पांढरा ओघळ आला.

"मी काय केलं, आजी?"

"केलंस ते केलंस. आता पोह. आणि पटकन बाहेर ये."

शनेल पोहत होती तोवर लॉर्ना काठावर बसली नाही की तिनं पापणी मिटली नाही. पोर धड बाहेर आली, तरी लॉर्नाची नजर कड्यावरून हलेना. डोहानं मानलंही असेल. पण जिला हाक गेली, ती वळली असेल का?

परतताना ती पाहुणीला म्हणाली, "त्याला सांग, मला पलीकडच्या काठाला उतरव."

कणीक राहू दे तशीच. आधी आपल्या म्हाताऱ्या थोरल्या मावशीकडे जाऊन नाव घेतलं गेल्याचं सांगायचं होतं, आणि ती वळली असेल तर पुन्हा वाटेला लागावी म्हणून घरात धुरी द्यायला पाला आणायचा होता.