त्याच कोटाचा धागा

कसबा पेठेत दिगंबरचं रफूचं दुकान आहे. दोन माणसं उभी राहिली की भरतं. एक इंच रफूला चार तास लागतात. कुणी "जरा लवकर द्या" म्हणालं, की दिगंबर कोट घडी करून परत देतो.

चाळीस वर्षं त्याने लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवली. घरात मात्र एक व्रण होता, बायकोच्या गळ्यावर. द्वारकाची गाठ काढली, जखम भरली, पण व्रण फुगून दोरीएवढा झाला. ठुशी त्यावर टोचायची, म्हणून ती डब्यात गेली. पदर गळ्याभोवती आला, तो कायमचा.

"अख्ख्या पुण्याचे कोट बुजवलेत," द्वारका म्हणायची. "माझा गळा तेवढा राहिला."

"तुझं कापड दुकानात आलं नाही," दिगंबर म्हणायचा. पण बोलणं लागायचं.

गेल्या वर्षी लेकीने, सोनालीने, दोघांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. व्रण कापून पुन्हा शिवायचं ठरलं.

"आणि परत फुगला तर?" द्वारकाने विचारलं. तिला भीती तेवढीच होती.

"हमी देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण टाक्यांच्या कडेने ग्रोथ फॅक्टर टोचू. कातडी नीट भरून यायला मदत होते. व्रण बारीक राहायची शक्यता वाढते."

"कुठल्या कंपनीचं?" दिगंबरने विचारलं.

"कंपनी नाही. यांचंच रक्त. यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग वेगळा काढतो. जखम भरणारी द्रव्यं त्यातच असतात."

दिगंबर खुर्चीत सरळ झाला. "म्हणजे रफूच. बाहेरचा धागा कितीही जुळवा, उन्हात उघडा पडतो. आम्ही त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा काढतो."

"निकाल कळायला सहा महिने लागतील."

"लागू देत," तो म्हणाला. बाई त्याला पसंत पडल्या.

शस्त्रक्रिया झाली. पुढे आणखी दोनदा टोचलं. दिगंबर रोज सकाळी भिंग घेऊन बसायचा.

"अहो, गळा आहे. गॅबर्डिनचा कोट नाही," द्वारका म्हणायची.

सहा महिने झाले त्या सकाळी त्याने तिला दारातल्या उन्हात उभं केलं. डोळे मिटून गळ्यावरून अंगठा फिरवला. रफू तो असाच तपासतो. अंगठा एकदा अडला, तोही जेमतेम.

"आहे," तो म्हणाला.

द्वारकाचा चेहरा पडला. "दिसतो?"

"मला दिसतो. गिऱ्हाइकाला दिसणार नाही."

चाळीस वर्षांत त्याने स्वतःच्या कामालाही याहून मोठी शाबासकी दिली नव्हती. द्वारकाला ते माहीत होतं. ती आत गेली, डबा उघडला आणि ठुशी त्याच्या हातात देऊन पाठ फिरवली.

"बांधा. आणि चार तास लावू नका."