वाघोलीच्या खाणीत धावलेला दादा

साकोलीच्या बसस्टँडवर मला सोडायला बाबा आणि दादा आले होते. माय आली नाही. रोवणी सुरू होती आणि धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून ठेवले की थांबत नाहीत. ती पहाटेच बांधीत, धानाच्या खाचरात उतरली होती. बाबा एसटीच्या खिडकीशी उभे राहून एवढंच म्हणाले, "हारून वापस नको येजो." दादाने माझी पेटी टपावर चढवली, दोरी आवळली आणि खाली उतरून माझ्याकडे न बघता बसच्या चाकांकडे बघत राहिला. त्याच्या पोटऱ्यांना चिखल वाळून पांढरा पडला होता.

तेव्हा पुण्यात कंपन्या उघडत होत्या आणि आमच्यासारख्या गावांतून कॉम्प्युटर शिकलेली मुलं भराभर जात होती. माझ्याकडे मार्क होते, दादाकडे पाय. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे कालव्याच्या काठाने अनवाणी पळायचा. पळण्यात तो दोन वेळा पहिला आला आणि दोन्ही वेळा उंचीत बोटभर कमी भरला. तिसऱ्या वेळी गेलाच नाही. त्याच पावसाळ्यात माझी पुण्याच्या कंपनीत निवड झाली. घरातल्या एकाचं झालं म्हणून सगळे खूश होते. दादाही होता. निदान तसा दिसत होता.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. तिकडून इकडे आलेल्यांना ती पाठ आहेत. आधी चौघांची रूम, मग दोघांची, मग लग्न, मग लोन काढून वाघोलीत फ्लॅट. खराडीच्या ऑफिसात दिवसभर खुर्ची. मी 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' बोलायला लागलो, आणि एकदा फोनवर मायशीही तसंच बोललो. तिने फक्त जेवलास का विचारलं.

चाळिशीजवळ येताना डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. ऑफिसातले काही जण रविवारी सकाळी वाघोलीच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत प्रॅक्टिसला जायचे. चिखलातून सरपटायचं, भिंती चढायच्या, दोर धरून वर जायचं, अशा अडथळ्यांच्या शर्यती तेव्हा नव्याने सुरू झाल्या होत्या. आमचा कोच समीर शेख. जुन्या पुण्यातलं घराणं, जिभेवर कायम खडीसाखरेऐवजी खडी. पहिल्या दिवशी मी धापा टाकत चालायला लागलो तर शांतपणे म्हणाला, "चालायचंच असेल तर सारसबाग आहे की, साहेब. तिथे भेळही मिळते." त्याने मार्केट यार्डातून बटाट्याची रिकामी पोती आणली होती. त्यांत वाळू भरून ती आम्ही खांद्यावरून नेत असू. एका खड्ड्यात टँकरचं पाणी सोडून चिखल केलेला असे. त्यात पहिल्यांदा कोपरावर पडलो तेव्हा नाकात आमच्या बांधीचा वास शिरला आणि मला उगाच रडू आलं. चिखल तोंडावर होता म्हणून कुणाला कळलं नाही.

धान घरात आल्यावर एका हिवाळ्यात दादा पुण्याला आला. फ्लॅट बघितला, गॅलरीतून खाली बघितलं. रविवारी मी त्याला खाणीवर नेलं. तो पायजमा आणि बनियनवर, पायात स्लीपर. ग्रुपमध्ये माझा मॅनेजर होता, टीममधल्या दोन मुली होत्या. मॅनेजरने विचारलं, हे कोण?

मी म्हणालो, "आमच्या गावचे आहेत. आलेत थोडे दिवस."

का म्हणालो ते इतक्या वर्षांनीही मला नीट सांगता येत नाही. दादा हाताच्या अंतरावर उभा होता. त्याने स्लीपर काढून दगडापाशी नीट जोडून ठेवल्या आणि समीरने दिलेलं पोतं खांद्यावर घेतलं. आमचा निम्मा फेरा व्हायच्या आत तो पोतं ठेवून परत जागेवर उभा होता. चिखलाच्या खड्ड्यातून आम्ही सरपटत होतो, तो त्यातून पळत गेला. पाऊल कसं तिरकं घालायचं आणि कसं ओढून काढायचं ते त्याला लहानपणापासून येत होतं. समीर शिट्टी तोंडातून काढून बघत राहिला. शर्यत पंधरा दिवसांवर होती. त्याने दादाला राहायला सांगितलं. दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

शर्यत मुळशीच्या बाजूला होती. दादा पहिल्या भिंतीलाच दिसेनासा झाला. शेवटच्या लांब चिखलात माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी बसकण मारली. बाजूने लोक जात होते. मग समोरून, सगळ्यांच्या उलट, दादा येताना दिसला. शेवटची रेषा चार पावलांवर असताना तो मागे वळला होता, हे समीरने नंतर सांगितलं. त्याने माझी पोटरी चोळली, बगलेत हात घातला आणि मला ओढत, उचलत शेवटपर्यंत आणलं. तिथे टॉवेल देणाऱ्या मुलीने त्याला कौतुकाने विचारलं, तुम्ही यांचे कोण?

दादा म्हणाला, "मी यायच्या गावचा आहो."

रागाने म्हणाला नाही. मला त्रास होऊ नये म्हणून म्हणाला, आणि तेच मला आजवर सोसवलेलं नाही. परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत, ही जमीन धानाला बरी आहे, असं काहीतरी बोलत होता. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. गाडीत माणसं होती. घरी बायको होती. स्टेशनवर गर्दी होती. तिसऱ्या दिवशी तो गेला.

नंतर फोनवर पाऊस, धान, मायचे गुडघे. दर वेळी वाटायचं, गावी जाईन तेव्हा कालव्यावर बसून बोलू. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरचं गवत कापताना दादाच्या हाताला मण्यार चावली. दवाखाना गाठेपर्यंत तो बोलत होता म्हणे. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. बाबा ओसरीत बसले होते. म्हणाले, "तुयी वाट पायली रे, पण पानी थांबे ना, मयत कितीक ठेवावं." बोलायचं ते ज्याच्याशी होतं तो नव्हता.

महिन्याने खाणीवर गेलो. समीरने विचारलं, तुमच्या गावचे ते कसे आहेत? मी म्हणालो, गेले. आणि मग म्हणालो, "तो माझा सख्खा भाऊ होता."

समीर दोराची गाठ सोडवत होता. वर न बघता म्हणाला, "माहीत होतं. दोघांची पळायची ढब एकच. खाणीत सगळ्यांनाच कळलं होतं." जरा वेळाने त्याने विचारलं, नाव काय होतं त्यांचं? मी सांगितलं. देविदास. त्या दिवशी कुणी मला पळायला सांगितलं नाही.

आता दादाची मुलगी अस्मिता आमच्याकडे असते, वाघोलीच्या कॉलेजात शिकते. माझ्या आग्रहाने आली असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे वहिनीनेच फोन करून विचारलं होतं, आणि फोन मी करायला हवा होता. अस्मिता पोलीस भरतीची तयारी करते. समीर तिला रोज सकाळी पळवतो आणि तिच्यावरही तसाच खेकसतो. उंची तिने आईची घेतली आहे, मापात बोटभर जास्तच भरते.

गावात राहिलेले मला विचारतात, परत येणार का? इकडे आलेले विचारतात, आता गाव आठवतं का? दोघांनाही मी काहीतरी सांगून टाकतो. इतकी वर्षं गावी फोन लावून मी आधी 'रूमवर पोचलो' आणि नंतर 'फ्लॅटवर पोचलो' म्हणत आलो. घर म्हटलं की मायचं, दादाचं. तिथे आता गेलो तर ओसरीत मला पाहुण्यासारखी खुर्ची देतात.

अस्मिता सकाळी खाणीवरून येते, चिखलाचे बूट दाराबाहेर काढते आणि आत यायच्या आधी आईला फोन लावते. "हो माय, पोचली घरी," म्हणते. मी दार उघडून उभा असतो.