बाईंनी शाळा सोडली त्यानंतर

आमच्या घरी चार माणसं जमली की आईचे किस्से निघतातच. ते आम्ही जपून ठेवलेत असंही नाही. सोलापुरात किराणा दुकानात जा, दवाखान्यात जा, आडनाव ऐकून कुणीतरी थांबतं आणि विचारतं, "म्हणजे विम्याच्या बाईंची मुलगी का तुम्ही?" मग आणखी एक किस्सा पदरात पडतो. आता तर आईबद्दल मला जे ठाऊक आहे, त्यातलं निम्मं तिऱ्हाइतांनीच सांगितलेलं आहे.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. चौथीला गणित शिकवायची. पंधरा वर्षांची नोकरी तिनं सत्तरच्या दशकात सोडली आणि ती विम्याची एजंट झाली. म्हणायला विम्याची, पण खरं तर ती लोकांना घरच्या पैशाचं नियोजन करून द्यायची. पोरांची शिक्षणं, लग्नं, म्हातारपण, सगळं एका कागदावर. तेव्हा सोलापुरात या कामाला नाव नव्हतं, त्यामुळं लोक तिला बाईच म्हणत राहिले.

*

सुरुवात शाळेच्या स्टाफरूममध्ये झाली. मधल्या सुट्टीत एक एजंट आले. शाळेत शिक्षक दोन आणि शिक्षिका नऊ. एजंट दोघांशीच बोलले, आणि जाताना नऊ जणींना म्हणाले, "तुम्ही घरी मिस्टरांना विचारून सांगा."

आईनं त्यांना थांबवलं. "वीस वर्षं हप्ता भरून शेवटी हातात येईल ती रक्कम, आणि तेच पैसे पोस्टात ठेवले तर येईल ती. फरक किती?"

"ऑफिसात विचारून सांगतो," असं म्हणून ते गेले, ते पुन्हा आलेच नाहीत. आठ दिवसांनी आईच त्या ऑफिसात जाऊन बसली. तिथल्या साहेबांनी पाऊण तास तिचे प्रश्न ऐकले, दोनदा चहा मागवला. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही पॉलिसी घ्यायला आलात की माझी परीक्षा घ्यायला?"

"दोन्ही. तुम्ही पास झालात. पॉलिसीचं अजून ठरलं नाही."

साहेबांनी टेबलाच्या खणातून एजन्सीचा फॉर्म काढला आणि तिच्यापुढं सरकवला.

*

शाळेत कुणालाच ते पटलं नाही. पेन्शनची नोकरी सोडून दारोदार फिरायचं, तेही बाईमाणसानं! हेडबाईंनी राजीनामा दोन दिवस स्वीकारलाच नाही. मावशीनं येऊन अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, गाठलं. "तुम्ही तरी समजावा तिला."

अण्णा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. मोजकं बोलायचे. त्यांनी जेवताना आईला एवढंच विचारलं, "तू मला विचारतेयस की सांगतेयस?"

"सांगतेय."

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मग सायकल शिकावी लागेल. पायी किती हिंडशील?"

पुढचा महिनाभर सकाळी होम मैदानावर आई सायकलवर आणि अण्णा मागं कॅरियर धरून पळत, असा देखावा सगळ्या गल्लीनं पाहिला. आई चाळिशीची होती. पडायची, पदर खोचायची, पुन्हा बसायची. बघणाऱ्यांकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. अण्णांनी मात्र पाहिलं, आणि हसणाऱ्या एकाला म्हणाले, "या की, तुम्हीही धरा जरा. मी दमलोय."

*

पहिल्या तीन महिन्यांत दोनच पॉलिस्या झाल्या, त्यातली एक मावशीची.

मग ती शहराच्या पूर्व भागात शिरली. तिथं घराघरात माग, आणि घरात तेलुगू. एका घरी मालक विम्याचं नाव काढताच उठून उभे राहिले. सणाच्या दिवशी मरणाच्या गोष्टी नकोत म्हणाले.

"मी मरणाचं बोलतच नाही," आई म्हणाली. "तुम्ही माग किती वर्षं चालवणार?"

"हात चालतील तोपर्यंत."

"आणि नंतर जगणार किती वर्षं?"

ते पुन्हा खाली बसले.  तेवढ्यात आतून त्यांच्या म्हाताऱ्या आईनं ओरडून सांगितलं, "रासुको, अम्मा, रासुको!" म्हणजे लिहून घे, बाई, लिहून घे.

आई तेलुगूतला तो पहिला शब्द शिकली. त्या एका गल्लीतून तिला पुढं अठरा घरं मिळाली.

*

करीमभाईंचे दोन ट्रक होते. फॉर्ममध्ये वारस म्हणून त्यांनी धाकट्या भावाचं नाव सांगितलं. आईचं पेन कागदावर टेकेना.

"क्या हुआ, बाई? लिखो ना."

"करीमभाई, गेल्या साली तुम्हाला टायफॉइड झाला होता. डोक्यावर पट्ट्या कुणी ठेवल्या?"

करीमभाई पडद्याकडं बघून हसले. "भाई तो एक दिन आया, संत्रे देके गया."

"मग नाव?"

"लिखो, जुबेदा." पडद्याआड बायकोच्या बांगड्या वाजल्या. पुढं तो किस्सा करीमभाई स्वतःच सगळ्यांना सांगत, आणि सांगताना संत्री मोजून दाखवत, चारच होती म्हणून.

*

माढ्याचे एक बागायतदार होते. उसाचे पैसे हातात आलेले, मोठ्यात मोठी पॉलिसी द्या म्हणाले. आईनं त्यांची विहीर, जमीन, घरातली माणसं सगळं विचारलं आणि सांगितलं, "निम्मीच घ्या. हप्ता वर्षाला एकदाच ठेवा."

ते भडकले. "बाई, माजी ऐपत काडताय व्हय?"

"ऐपत नाही, पाऊस बघतेय."

ऑफिसात साहेब वैतागले. आलेलं गिऱ्हाईक असं अर्ध्यावर आणतात का कुणी? आई म्हणाली, "हा माणूस वीस वर्षं टिकला पाहिजे. मला एका वर्षात संपवायचा नाही."

दोन वर्षांनी पाऊस हुकला. त्या गावातल्या बऱ्याच मोठमोठ्या पॉलिस्या बंद पडल्या. यांची चालू राहिली. आमच्या दारात ज्वारीचं पोतं आणि थोडा हुरडा घेऊन जीप उभी राहिली, आणि ते खाली उतरून आईला म्हणाले, "बाई, तुमी पाऊस लई बरा वाचता की."

आईनं पोतं परत पाठवलं. हुरडा तेवढा ठेवून घेतला.

*

आणि ही गोदावरीची गोष्ट.

गोदावरी करकंबची. लग्न होऊन सोलापुरात आलेली, विड्या वळायची. नवरा कापड गिरणीत होता. आईनंच त्याची पॉलिसी काढली होती, वारस गोदावरी. तो अचानक गेला. दोन पोरी लहान. रक्कम मंजूर झाली हे कळताच दीर रोज घरी येऊन बसायला लागला. "वहिनीला काय कळतंय? तिचा अंगठा घेऊ, बाकी मी बघतो."

 दुसऱ्या दिवशी दुपारी आई पाटी-पेन्सिल घेऊन गोदावरीकडं गेली. विड्यांचं सूप बाजूला सारलं आणि पाटीवर तिचं नाव लिहिलं.

गोदावरी बघत राहिली. "माजं नाव येवढं मोटं हाय व्हय?"

सहा दिवस आई रोज जात होती. दीर दारात उभा राहून म्हणायचा, "आता या वयात शिकून काय हुणार?" आई म्हणायची, "तुम्ही पण बसा, जागा आहे."

सातव्या दिवशी आई तिला घेऊन बँकेत खातं उघडायला गेली. दीरही मागोमाग आला. मीही होते, शाळेला सुट्टी होती म्हणून. क्लार्कनं गोदावरीकडं एकवार पाहिलं आणि सवयीनं शाईचं पॅड पुढं केलं. तिनं ते दोन बोटांनी बाजूला सरकवलं. पेन मागितलं. खाली वाकून, ओठ मिटून, एकेक अक्षर काढत सही केली. अक्षरं तिरकी झाली, पण एकही सुटलं नव्हतं, आडनावासकट.

क्लार्कनं कागद ओढायला हात पुढं केला. तिनं तो सोडला नाही. पहिल्या सहीच्या खाली दुसरी केली. मग तिसरी.

"अहो बाई, एकदा पुरे आहे," क्लार्क म्हणाला.

गोदावरीनं मान वर केली नाही. "तुमास्नी पुरं आसंल," ती म्हणाली, आणि चौथी सही करायला लागली.