दाब, धर, सोड

अंगणात जीपखाली माझा नवरा उताणा पडलाय आणि वर ड्रायव्हरच्या जागी त्याची थोरली बहीण बसली आहे. क्लचचे दोन्ही सिलिंडर नवे घातले, तरी पेडल मऊच लागतंय. पाइपात हवा राहिली आहे, आणि ती काढायला माणसं दोन लागतात.

"दाब, ताई."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

खाली तो हवा काढायचं निपल सैल करतो. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. निपल पुन्हा आवळून तो म्हणतो, "सोड."

मी पायरीवर मेथी निवडत ऐकते आहे. त्यांना एकमेकांचं तोंडही दिसत नाही, तरी याचा शब्द पुरा व्हायच्या आत तिचा पाय हलतो. माझ्यासमोर बसून हा माणूस नुसतं "हं" म्हणतो. न बघता कुणाच्या तरी भरवशावर असं राहता येणं, याचाच मला हेवा वाटतो. त्या जुनाट जीपचासुद्धा वाटतो.

वन्सं पाणी प्यायला आत गेल्या, तशी मेथी टाकून मी त्यांच्या जागी जाऊन बसले. "दाबलं," म्हटलं.

"धर."

धरलं. मग खालून काहीच आवाज येईना. हा ऐकतोय तरी का, हे बघायला मी वाकले आणि पाय सुटला. निपल उघडंच होतं. काढलेली हवा परत आत गेली.

तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो खालूनच, अगदी शांतपणे म्हणाला, "ताईला बोलव."