झाडवाली हेलेद आणि उलटे ब्रेक

सीट करंगळीच्या नखाएवढी वर होती. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. हेलेद प्यू सायकलवरून उतरली, तिने सीटकडे पाहिलं, मग वर्कशॉपच्या उघड्या दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा सीटकडे. ही सायकल तिच्याशिवाय कुणी चालवत नाही. निदान आजवर तिची तशी समजूत होती.

"इडवल, सीटला हात लावलास का?"

"पुसताना हलली असेल," आतून आवाज आला.

इडवल आणि पुसणं! ज्या माणसाने स्वतःचा चष्मा कधी धड पुसला नाही, तो म्हणे सायकल पुसत होता. हेलेदने सीट खाली घेतली, घट्ट केली आणि जंगलाच्या चढाला लागली. पण त्या दिवशी तिचं अर्धं लक्ष वाटेवर होतं आणि अर्धं त्या पुसण्यावर.

वेल्समधल्या त्या खोऱ्यात माणसाला आडनावाने कुणी ओळखत नाही. निम्मी वस्ती प्यू आणि उरलेली जोन्स, मग आडनाव घेऊन करायचं काय? म्हणून माणूस जे करतो ते त्याच्या नावाला चिकटतं. इडवल पूर्वी शेतांची लोखंडी फाटकं बनवायचा. आता तो डोंगरात चालवायच्या सायकली बनवतो. गाडीपेक्षा महाग असलेली एकेक सायकल घ्यायला लंडनची माणसं नंबर लावून बसतात, तरी गावात तो फाटकवाला इडवलच. हेलेदची आई टपाल वाटायची, म्हणून हेलेद टपालवाली होती. गेल्या वसंतात ती सायकलसकट एका लार्चच्या झाडावर जाऊन आदळली आणि इस्पितळातून घरी यायच्या आतच झाडवाली झाली. तिथे नाव बदलायला अर्ज करावा लागत नाही. एकदा नीट पडलं की भागतं.

त्या दोघांची कामाची पद्धत अशी. इडवल दोन सांगाडे जोडायचा, एका गोष्टीचा फरक ठेवून. कधी पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा उतार किंचित जास्त, कधी मागचं चाक बोटभर मागे. मग दोन्ही सांगाड्यांना जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या गच्च गुंडाळायचा, म्हणजे डोळ्यांनी आगाऊपणा करून आधीच मत द्यायला नको. एकाला लाल दोरा, दुसऱ्याला निळा. कोणत्या दोऱ्याखाली काय दडलंय हे हेलेदला कधी सांगायचं नाही, आणि तिनेही विचारायचं नाही. ती एकाच वाटेवरून दोन्ही चालवायची. वर लार्चचं रान, मध्ये पाटीच्या दगडाची ती घसरडी पायरी, जिला सगळे 'पाद्र्याचं नाक' म्हणतात, आणि खाली ओकची झाडं, मुळंच मुळं. परत आली की म्हणायची, "लाल जिवंत आहे. निळी मेलेली, वळणावर तिचं मागचं चाक झोपेतून उठून येतं." की इडवल खडू उचलायचा आणि भिंतीवरच्या आकृतीतला निळा भाग खोडून टाकायचा. झालं. त्याला स्वतःला उतारावर सायकल चालवता येत नव्हती. फाटकं उचलून उचलून गुडघे कामातून गेलेले, उतार दिसला की हा खाली उतरून सायकल हातात धरून चालणार. त्याच्या हातात वेल्डिंगची टॉर्च आणि हेलेदच्या बुडाखाली सायकल, एवढीच काय ती कंपनी.

झाडावर आदळल्यावर काही आठवडे हेलेदला शब्द सापडत नसत. किटलीला ती "ते उकळायचं" म्हणायची. शब्द परत आले, डॉक्टरने पाठ थोपटली, ती कामावर रुजू झाली. पण एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. कधीकधी उतारावर मध्येच तिला वाटायचं, ही सायकल मला खरंच जाणवतेय, की अशा वेळी काय जाणवायचं ते नुसतं आठवतंय? या कामाशिवाय तिच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि दुसरं काही असावं असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

म्हणूनच सीट वर दिसली तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली.

मग माती दिसली. त्यांच्या खोऱ्याची माती काळी, पाटीच्या दगडाची. सांगाड्याच्या पोटाखाली, जिथे पाण्याचा पाइप पोचत नाही, तिथे तिला लाल मातीचा वाळलेला गोळा सापडला. लाल माती खिंडीपलीकडची. हेलेद तर महिनाभर खिंडीपलीकडे फिरकलीही नव्हती.

ती मेन्नाच्या चहाच्या दुकानात जाऊन बसली. मेन्ना म्हणजे गावाचा कान. तिने चहात भिजवलेल्या मनुकांच्या केकचा जाड तुकडा लोणी लावून पुढे सरकवला.

"तोंड का पाडलंयस?"

"इडवल म्हणतो, सीट पुसताना हलली."

"हो का? माझा नवराही असंच म्हणायचा."

"सायकलची सीट?"

"छे गं. गाडीतली, शेजारची." मेन्नाने शांतपणे टेबल पुसलं. "तीन वर्षं पुसत होता मेला."

हेलेदला हसू आलं, पण ते ओठांतच राहिलं. मेन्ना खाली वाकली. "आणि बुधवारी सकाळी त्याच्या अंगणात पवनचक्कीवाल्यांची व्हॅन उभी असते. फाटकवाल्याकडे कुठली आलीय पवनचक्की?"

दुसऱ्या दिवशी हेलेदने हातमोजे घालता घालता सहज विचारल्यासारखं केलं, "पवनचक्कीवाले काय म्हणतात?"

"कोण पवनचक्कीवाले?" इडवल म्हणाला, आणि गरज नसताना टॉर्च पेटवून बसला.

इतकी वर्षं हा माणूस तिच्याशी खोटं बोलला नव्हता, निदान पकडला तरी गेला नव्हता. आता हेलेदला सगळ्यातच काळंबेरं दिसायला लागलं. इडवलने तिची तब्येत विचारली की वाटायचं, हा का चौकशी करतोय? नाही विचारली की वाटायचं, आता कशाला विचारेल. ती वर्कशॉपच्या मागच्या खिडकीतून डोकवायला लागली. कचऱ्याच्या डब्यात कोणी कसल्या चॉकलेटचे कागद टाकलेत तेही तिने पाहिलं. सायकलच्या टायरला नाक लावून वास घेताना पाद्रीणबाईंनी तिला पाहिलं आणि त्या मान वळवून पुढे गेल्या. हेलेदला लाज वाटली, पण ती थांबली नाही. एकतर हा सायकलीचं गुपित कुणाला तरी विकतोय, नाहीतर माझ्या जागी कुणीतरी आणतोय. दोन्हींपैकी दुसरी शक्यता तिला रात्रंदिवस खात होती.

अशात नव्या सायकलीचा शेवटचा निर्णय आला. लाल की निळी, ते ठरवून सांगाड्यांच्या नळ्यांची मागणी त्याच दिवशी कळवायची होती, नाहीतर पुढचं सगळं वर्ष बोंबललं असतं. सकाळी भुरभुर पाऊस होता. लाल सायकल हेलेदने आदल्या दिवशी चालवली होती. आज तिने निळी घेतली. वर्कशॉपच्या दारापासूनच चढ लागतो, त्यामुळे पार वर रानात पोचेपर्यंत ब्रेकला हात लावायची वेळच आली नाही.

पाद्र्याच्या नाकावर ओल्या दगडावरून उतरताना पुढचा ब्रेक लावायचा नसतो. फक्त मागचा, तोही डाव्या हाताच्या एका बोटाने, नुसता ओझरता. हेलेदने तेच केलं. पुढचं चाक जागच्या जागी अडकलं, मागचं आभाळात गेलं, आणि झाडवाली हेलेद हँडलवरून उडून खालच्या झुडपात पालथी पडली.

खांदा सोलवटला होता, बाकी काही नव्हतं. पण ती उठली नाही. उजवं कुठलं, डावं कुठलं, हेही डोक्यातून गेलं की काय? शब्द गेले होते तसे आता हात गेले? जे होणार म्हणून ती आतल्या आत भीत होती, ते झालं होतं तर. ती तशीच पावसात पडून राहिली, आणि घरी जाऊन मेन्नाकडे भांडी घासायचं काम मागावं, इथपर्यंत तिचा विचार पोचला.

मग ती रांगत सायकलपाशी गेली. चाकं फिरवून डावा ब्रेक दाबला. पुढचं चाक थांबलं. उजवा दाबला. मागचं थांबलं.

म्हणजे डोकं शाबूत होतं. ब्रेकच उलटे होते. हेलेद चिखलात बसून मोठ्याने हसली. हसता हसता तिने पुन्हा डावा ब्रेक दाबून पाहिला. उजव्या हाताला पुढचा ब्रेक, हे त्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही जाणतं. उलटे ब्रेक लागतात ते समुद्रापलीकडच्या माणसाला. कुणीतरी परका ही सायकल चालवत होता, त्याच्यासाठी इडवल ब्रेकांची अदलाबदल करत होता, आणि या वेळी परत बदलायला विसरला होता.

ती तशीच चिखलाने माखलेली वर्कशॉपमध्ये आली.

"इडवल, आपल्याकडे पुढचा ब्रेक कुठल्या हाताला असतो?"

"उजव्या. हे काय विचारणं झालं?" म्हणत त्याने वर पाहिलं. आधी तिचा खांदा पाहिला, मग हँडल पाहिलं. त्याने टॉर्च खाली ठेवली.

"कोण आहे तो?" हेलेद म्हणाली. "पाय माझ्याहून लांब आहेत, खिंडीपलीकडून येतो, आणि बुधवारी पवनचक्की सोडून तुझ्याकडे पडलेला असतो. नाव तेवढं तू सांग."

"रेतो. स्विस आहे. पूर्वी शर्यती करायचा." इडवल खुर्चीवर बसला. "लागलं का तुला?"

"कधीपासून?"

"बस आधी."

"कधीपासून, इडवल?"

"तू पडलीस तेव्हापासून." तो चष्मा काढून हातात फिरवत राहिला. "तू परत आलीस ना, तेव्हा हातोड्याला काय म्हणतात ते तुला आठवेना. मी घाबरलो. तुला तोंडावर कसं विचारणार होतो? म्हणून तू मत दिलंस की त्याच दोन्ही सायकली गुपचूप त्याला द्यायचो. आणि ऐक, एकदासुद्धा वेगळं आलं नाही. तू लाल म्हणालीस की तोही लाल. तू निळी, तो निळी. एकदासुद्धा चूक नाही गं. तुला आनंद व्हायला पाहिजे."

आणि खरोखरच हेलेदला क्षणभर आनंद झाला. म्हणजे जाणवत होतं ते खरंच जाणवत होतं. एवढे महिने जी धास्ती ती उशाशी घेऊन झोपत होती, ती या माणसाने एका वाक्यात काढून टाकली. मग तिला कळलं की हे वाक्य त्याच्या खिशात पहिल्यापासून होतं, आणि तिचा संताप उसळला.

"मी बरोबर निघाले म्हणून तू खूश. आणि नसते निघाले तर? तर कुणाकडून कळलं असतं मला? त्या स्विसाकडून?"

"चुकलं माझं," इडवल म्हणाला. तो हे शब्द सहसा उच्चारत नसे. "त्याला उद्या सांगतो, आता येऊ नकोस म्हणून. यापुढे तू म्हणशील तीच. शप्पथ."

हेलेदने पान्हा उचलला आणि ब्रेक आपापल्या जागी बसवले.

"या वेळी त्याने आधी चालवली?"

"त्याला सुट्टीला घरी जायचं होतं म्हणून..."

"काय म्हणाला ते सांगू नकोस."

"नाही सांगत."

ती पुन्हा निळी घेऊन रानात गेली, कारण काम ते काम. पाद्र्याच्या नाकावरून ती या वेळी लोण्यावरून सुरी फिरावी तशी उतरली. खाली ओकच्या मुळांवर सायकल तिच्या मनातलं आधीच ओळखून वळत होती. हेलेदला तिळभर शंका उरली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कसलीच शंका उरली नाही.

इडवल खडू हातात घेऊन भिंतीपाशी उभा होता.

"निळी," ती म्हणाली. "लाल चांगली आहे, पण निळी जिवंत आहे."

इडवलने खडू उचलला. लाल भागाजवळ नेला. हात तिथेच थांबला.

"नक्की ना?"

एवढ्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. हेलेदने त्याच्या खडूकडे पाहिलं, आणि स्विस काय म्हणून गेला होता ते तिला न सांगताच कळलं.

असल्या सायकली पेडलांशिवायच विकतात. ज्याचे पाय त्याची पेडलं. या सायकलीवरची हेलेदची होती, टोकांना झिजलेली. तिने पान्हा लावून उजवं काढलं, मग सायकल फिरवून डावं, जे उलट्या बाजूला फिरवावं लागतं. दोन्ही जाकिटाच्या खिशांत टाकली.

"अगं, मी सहज विचारलं," इडवल म्हणाला.

"माहीत आहे. सहज निघतं तेच मनातलं असतं," हेलेद म्हणाली. "मुद्दाम विचारलं असतंस, तर राहिले असते."