पौर्णिमेचा बोकड

आमचे अप्पा व्हिएतनामला आले ते टॉवेलांमुळे. आयुष्यभर भवानी पेठेत त्यांनी टॉवेलांचा धंदा केला, आणि आपली गिऱ्हाइकं पळवणाऱ्या देशांत व्हिएतनामचं नाव त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. "बगून तर येऊ, कसले लोकं हायत," म्हणाले. नाहीतर माझ्या नवऱ्याबरोबर ते अक्कलकोटपर्यंतसुद्धा आले नसते.

हे जरा सांगायला हवं. आम्ही लिंगायत. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि ताटात जे काही असेल ते शाकाहारी. माझा नवरा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, शिकून सरकारी कचेरीत लागलेला. आमचं लग्न ठरलं तेव्हा अप्पांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, "त्यांच्यात खाणंपिणं चालतं. तुज्या घरचं पाणी आमाला चालायचं न्हाई."

कारण स्वच्छ होतं आणि त्यावर इलाजही आहे, असं मला वाटलं. लग्नापासून सात रस्त्याजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये अंडंसुद्धा शिजलेलं नाही. नवऱ्याला मटणाची हुक्की आली की तो मागच्या गल्लीतल्या खानावळीत जेवून यायचा आणि साबणानं हात धुऊन निमूट घरात शिरायचा. दिवाळीला, कधी उन्हाळ्यात, अप्पा आणि अव्वा, म्हणजे माझी आई, यायचे. अप्पा सोफ्याच्या कडेवर टेकायचे आणि मी पाणी पुढं केलं की म्हणायचे, "आत्ताच पिऊन निगालो." भवानी पेठेतून सात रस्त्याला येईपर्यंत माणसाला तहान लागत नाही, हे मान्य. पण सोलापूरच्या मे महिन्यातही अप्पांना ती लागत नसे. अव्वा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायची, माझ्या डब्यांवरून नजर फिरवायची आणि परत त्यांच्याशेजारी जाऊन बसायची. नवऱ्याच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. जावयाला अप्पा 'साहेब' म्हणत, म्हणजे जावई म्हणायचा प्रश्नच मिटला.

सहलीची कल्पना माझ्या नवऱ्याची. परदेशात सगळेच हॉटेलात खातात, तिथं कुणाचं घर नाही की कुणाची चूल नाही, असं त्याचं म्हणणं. निदान एका टेबलावर तर बसू. माझा सगळा जीव त्या एका टेबलात अडकला होता. आज तिथं एकत्र जेवले, तर उद्या माझ्याकडं जेवतील.

होई आन हे नदीकाठचं जुनं गाव आहे. पिवळ्या भिंती, दारोदार रंगीत कंदील, आणि पावलापावलाला माप घ्यायला टपलेले शिंपी. अप्पांनी पहिले दोन दिवस सोलापूरहून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात सगळं गाव नापास केलं. नदीबद्दल म्हणाले, "पानी हाय म्हणून नदी म्हणायचं." हॉटेलच्या खोलीतला टॉवेल मात्र त्यांनी खिडकीशी नेऊन उलटासुलटा केला, कडेचा एक दोरा उपसला, बोटांत चोळला आणि मोठ्या कष्टानं कबूल केलं, "बरा हाय."

अव्वाचं वेगळंच चाललेलं. ती कंदील करायला शिकवणाऱ्या बाईपुढं जाऊन बसली, बांबूच्या कामट्यांवर रेशमी कापड ताणून चिकटवलं आणि जमल्यावर लहान मुलीसारखी सगळ्यांना दाखवत सुटली. एका ओसरीवर एक बाई उकळत्या भांड्याच्या तोंडावर ताणलेल्या फडक्यावर तांदळाचं पीठ पसरून वाफेवर पातळ पापुद्रे काढत होती. अव्वा तिथून हलेचना. "आपल्या पापडाचीच बहीण की ही," म्हणाली. बाईनं तिच्या हातात पळी दिली. अव्वाचा पहिला पापुद्रा फाटला आणि दुसरा त्या बाईनं गिऱ्हाइकाला वाढला. अव्वाला इतकं खुशीत मी कधी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. हॉटेलातल्या मुलीनं सांगितलं की पौर्णिमेला गावातले बरेच लोक मांस-मासे खात नाहीत, आणि नदीकाठी एक फक्त शाकाहारी जेवणाचं ठिकाण आहे. अप्पा एकदम खूश झाले. "म्हंजे धर्म हाय म्हणायचा हितं," म्हणाले आणि चटणीची पिशवी खोलीतच ठेवून निघाले.

टेबलावर सगळ्यात आधी आला तो अख्खा मासा. मग नारिंगी पट्टे असलेल्या कोळंब्या. अव्वानं पदर तोंडाला लावला. अप्पा जाणत्या माणसाच्या थाटात तिला समजावू लागले, "अगं सोयाबीन हाय ते. नुसता आकार दिलाय. दिसण्यावर जाऊ नको, आत काय हाय ते बग." माझ्या नवऱ्यानं मान डोलावली. मीही. त्या दिवशी आम्ही सगळे अप्पांच्या बाजूचे होतो.

शेवटी आला नारळाच्या दुधातला तांबडा रस्सा. वाढणाऱ्या मुलीनं मोबाईलवर भाषांतर दाखवलं: बोकड, शाकाहारी. अप्पांनी एक मोठा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि मान हलवली.

"छे! वीण चुकली. बोकडाचं असं दोरादोरा सुटत न्हाई. हाडाजवळचा तुकडा जरा दाताला लागावा लागतो."

अप्पांनी डोळे उघडले, आमच्याकडं बघितलं आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

राग आला की अव्वा कानडीत शिरते. "यल्ली तिंद्री?" म्हणाली. कुठं खाल्लंत?

"धंद्यात गिऱ्हाइकासंगं बसावं लागतं," अप्पा म्हणाले. "एकदा-दोनदा."

एकदा-दोनदा खाऊन बोकडाची वीण कळत नाही, हे त्या टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं. पण माझा नवरा खाली मान घालून भात कालवत होता. मला धक्का बसलेला, अव्वाला बसलेला, आणि हा माणूस शांत. बाहेर पडल्यावर मी त्याला पुलावर गाठलं.

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय," तो म्हणाला. "आपल्या मागच्या खानावळीत बगितलंय की. लई येळा. एकदा तर पलीकडच्याच बाकावर हुते. त्यांनी मला बगितलं, मी त्यांना. मी हात धुतलं आन भाईर पडलो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुजा बाप हाय. सांगून काय मिळालं असतं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिवाळीला, पाडव्याला, वाढदिवसाला मी या माणसाला पुरणाच्या पोळ्यांवर ठेवलं. आणि ज्यांच्यासाठी ठेवलं ते शेजारच्या बाकावर नळी फोडत होते.

संध्याकाळी आम्ही चौघं होडीत बसलो. अप्पांना होडीची भीती वाटत होती, म्हणून माझ्या नवऱ्यानं त्यांचा दंड धरून ठेवला होता. तिथं कागदी दिवे नदीत सोडतात. अव्वाच्या हातात तसा एक दिवा होता. तो न सोडताच तिनं विचारलं, यावेळी मराठीत, म्हणजे सगळ्यांना कळावं असं.

"मटान तर तुमी बी खाता. मग पोरीच्या घरचं पानी का चालत न्हवतं?"

अप्पा पाण्याकडं बघत म्हणाले, "मी भाईर खाल्लं. भाईरचं कदी घरात आणलं न्हाई."

हे बोलताना त्यांचा दंड माझ्या नवऱ्याच्या हातात होता. त्यानं तो सोडला नाही. मटण कारण नव्हतंच. मटण असतं तर मी जिंकले असते, कारण तेवढं तर मी घराबाहेर काढलेलंच होतं. घराबाहेर ठेवायचा होता तो हा माणूस. मला त्या क्षणी अप्पांचा इतका राग आला, की मी होडीच्या दुसऱ्या टोकाला सरकले.

परतीच्या प्रवासात अव्वा अप्पांशी एक शब्द बोलली नाही. पुण्याहून भाड्याच्या गाडीनं आम्ही सोलापुरात शिरलो. ड्रायव्हरनं विचारलं, आधी भवानी पेठ का? अव्वा म्हणाली, "सात रस्ता."

अप्पांना गाडीत सोडून ती आमच्याबरोबर उतरली, जिना चढली, आणि माझ्या स्वयंपाकघरात, दारात न थांबता, सरळ आत गेली. पिठाचा डबा तिनं न विचारता उघडला. भाकऱ्या थापून झाल्यावर माझ्या नवऱ्याला म्हणाली, "जावईबापू, उद्या मटान आणा. तुमच्या घरात तुमी खावा. मी शेजारी बसून माजी भाकरी खाते."

अव्वानं तीन ताटं मांडली. मी विचारलं, "अप्पांचं?"

"त्यांना भाईर खायची सवय हाय."

मी गॅलरीतून बघितलं. अप्पा गाडीतच बसले होते, काच खाली करून, रुमालानं मान पुसत. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. मी तांब्या-गिलास भरून दारापर्यंत गेले आणि तिथंच अडकले. नवऱ्यानं माझ्या हातातून तांब्या घेतला आणि तो जिना उतरला.

थोड्या वेळानं रिकामा तांब्या घेऊन आला. मी नुसतं बघितलं त्याच्याकडं.

"प्याले की," तो म्हणाला. "दोन गिलास."

सगळी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते पाणी अप्पा शेवटी प्याले होते, आणि ते बघायला मी तिथं नव्हते.