तीळ असो की नसो

“आत जा, बाळ. अक्का बघतील. दोन मिनिटांचं काम.”

अध्यक्ष एवढं बोलले आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. सभ्य माणूस. जयनगरमधला आमच्या समाजाचा हॉल. लग्नात जिथे पंगती बसतात तिथे खुर्च्या टाकून समाजातले मोठे पुरुष बसले होते. मी समोर उभी. बस, असं कुणी म्हटलं नाही. माझ्या मागे आई आणि अण्णा, माझे वडील.

आत म्हणजे भांडी ठेवायच्या खोलीत. तिथे अध्यक्षांची बायको, जिला सगळा समाज अक्का म्हणतो, माझा कुर्ता वर करून माझी कंबर बघणार होती. व्हिडिओतल्या बाईच्या कंबरेवर तीळ होता. तो मला आहे की नाही यावर ठरणार होतं, मी घरंदाज मुलगी की कोण.

त्या व्हिडिओत चेहरा माझा होता. अंग माझं नव्हतं. कुणाचं होतं, मला माहीत नाही. त्या बाईलाही कुणी विचारलं नसेल. कुठल्याशा ॲपने माझा चेहरा तिच्या अंगावर बसवला. तो प्रकार आधी समाजाच्या ग्रुपवर फिरला, मग बेळ्ळंदूरला माझ्या ऑफिसात पोचला. लिफ्टमध्ये दोघे हसत होते, मला बघून गप्प झाले. मॅनेजर म्हणाली, “सगळं शांत होईपर्यंत घरूनच काम कर.” मी घरी आले, बाथरूममध्ये नळ सोडला आणि रडले. मरून जावंसं वाटलं. आता हे लिहायची मला लाज वाटत नाही.

तो चेहरा दिला कुणी? आम्हीच. आमच्यात मुलगी लग्नाची झाली की तिला स्टुडिओत नेतात. समोरून एक फोटो, बाजूने एक, उभ्याने एक. हल्ली बोलतानाचा छोटा व्हिडिओही मागतात. मुलगी तोतरी नाही ना, तिरळी नाही ना, ते कळायला हवं. फोटोवाला कॅमेऱ्यामागून कन्नडमध्ये हस म्हणत होता, “स्वल्प नगम्मा, नगु.” मी हसले. आईने तिच्या मोत्यांच्या कुड्या माझ्या कानात घातल्या होत्या. इकडे बघ. तिकडे बघ. त्या ॲपला जे जे लागतं ते सगळं आम्ही हौसेने काढून घेतलं.

फोटो समाजभर गेले. बोलतानाचा व्हिडिओ मात्र एकाच घरी गेला. अध्यक्षांच्या. यशवंतपूरच्या बाजारात त्यांचे कांद्याचे गाळे आहेत आणि अण्णा तिथे हिशेबनीस. त्यांनी मुलासाठी मला मागितलं तेव्हा अण्णांचे पाय जमिनीवर नव्हते. मालकाच्या घरची सून! मी त्या मुलाला हॉटेलात भेटले. तो वेटरशी ज्या भाषेत बोलला ती ऐकली आणि घरी येऊन नाही म्हणाले. त्याचा मेसेज आला, “नोकराची पोरगी मला नाही म्हणते?” थोड्या दिवसांनी हा व्हिडिओ आला. कानात आईच्या कुड्या, आणि चेहऱ्यावर त्या बोलतानाच्या व्हिडिओतलंच हसू. त्या घाणीत मी फोटोवाल्याच्या सांगण्यावरून हसत होते.

हे सगळं मी हॉलमध्ये सांगितलं. मेसेज दाखवला. कुड्यांचं सांगितलं. एक काका म्हणाले, “ते नंतर बघू. आधी तुझं तरी सिद्ध होऊ दे.”

आई माझ्या कानाशी आली. “जा गं. दाखव आणि मोकळी हो. तुला नाहीच ना तीळ? मग कशाला ताणतेस?”

खरंच नाही मला तीळ. तेच मला त्या दाराकडे ढकलत होतं. आत जायचं, बाहेर यायचं, अण्णांची नोकरी राहील, आईला समाजात तोंड दाखवता येईल. अक्कांनी माझं मनगट धरलं. मी चालायलाही लागले. दार उघडं होतं. आत पातेल्यांवर पातेली रचलेली.

आणि मनात आलं, असता तर?

तीळ काय, कुणालाही असतो. मला असता तर त्या बाईची सगळी घाण माझ्या नावावर लागली असती. आणि आज मी नसलेला तीळ दाखवून सुटले, तर उद्या जिला असेल तिने काय करायचं? माझं सुटणं तिच्या गळ्याशी येणार होतं. मी मनगट सोडवून घेतलं.

“नाही दाखवणार. तीळ असो की नसो.”

“अगं, तुझ्याच भल्यासाठी…” अक्का म्हणाल्या.

“तुमच्या मुलाचा फोन ठेवा या टेबलावर. तो बघू सगळ्यांनी. दोन मिनिटांचं काम.”

अक्का जमिनीकडे बघत राहिल्या. अध्यक्ष माझ्याशी बोलले नाहीत. अण्णांना म्हणाले, “उद्यापासून गाळ्यावर येऊ नको.”

अण्णा म्हणाले, “सरी.” बरं, एवढंच.

तो शब्द अजून माझ्या छातीत रुतून बसलाय. त्या दिवसापासून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. आई जेवायला वाढते आणि भिंतीकडे बघते. मला राग येतो, मग त्यांची कीव येते, मग पुन्हा राग.

वाटलं होतं, पोलीस तरी ऐकतील. साहेबांनी ऐकलं, शांतपणे. मग विचारलं, “हे खोटं आहे कशावरून? अंगावर काही खूण?” मी खुर्चीचे हात घट्ट धरले. हॉलमधलाच प्रश्न, फक्त कन्नडमध्ये. कायद्यात कलमं नाहीत असं नाही. पण त्या कलमांपर्यंत पोचायच्या वाटेवर जागोजागी एक भांड्यांची खोली आहे. तक्रार मी दिली. ती पडून आहे. व्हिडिओ एका ठिकाणाहून निघतो, दुसरीकडे उगवतो.

मग एका वकील बाईंच्या गटात जायला लागले. तिथे माझ्यासारख्याच मुली. सरकारने नियमांवर सूचना मागवल्या तेव्हा आम्ही लिहून दिलं: खोटं आहे हे सिद्ध करणं बाईच्या गळ्यात नको. ज्याने टाकलं त्याने सांगावं, कुठून आणलं. तक्रार आली की आधी काढा, मग तपासा. ही ॲपं विकणाऱ्यांनाही धरा. एका बैठकीत कुठल्याशा कंपनीचा माणूस म्हणाला, “मुलींनीही फोटो टाकताना काळजी घ्यावी.” मी उठले. म्हटलं, “माझा फोटो माझ्या बापाने समाजाला दिला होता, सर. त्याने कसली काळजी घ्यायची होती?” तो पाणी प्यायला आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. हे असंच चाललंय. थकवा येतो. रोज वाटतं, सोडून द्यावं.

परवा समाजातल्याच एका मुलीचा फोन आला. कॉलेजात आहे. आवाज दाबून बोलत होती.

“ताई, माझा पण व्हिडिओ आलाय. रविवारी हॉलवर बोलावलंय. त्यातल्या बाईच्या मांडीवर डाग आहे. मला पण आहे. लहानपणी भाजल्याचा. तसाच नाही, पण आहे. काय करू मी?”

जिचा विचार त्या दारात माझ्या मनात आला होता ती ही. तिला खरंच नाव होतं, आवाज होता.

“दाखवायचं नाही,” मी म्हणाले. ती रडत राहिली. धीर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

रविवारी मला कुणी बोलावलेलं नाही. मी जाणार आहे. सगळ्यांच्या आधी पोचणार आहे. पुरुषांच्या ओळीतली एक खुर्ची उचलून भांड्यांच्या खोलीच्या दारात टाकणार आहे आणि तिच्यावर बसणार आहे. अक्का येऊ देत, अध्यक्ष येऊ देत, माझी आई येऊ दे. त्या दारातून मी कुणालाही आत जाऊ देणार नाही.